ऐकीव साक्षीची रुजवात
(प्रस्तावना)

महसुली दप्तरात चौतीस वर्षे फेरफार आणि पंचनामे लिहिण्यात घालवलेल्या माणसाकडे घरगुती संगीतयंत्रांवरील पुस्तिकेची प्रस्तावना मागण्यात ग्रंथकारांनी विवेकापेक्षा शेजारधर्मच अधिक पाळला, अशी माझी प्रथम समजूत झाली होती. परंतु हस्तलिखित वाचून खाली ठेवले तेव्हा उमगले, की हे पुस्तक वरवर पाहता ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे असले, तरी आतून ते पुराव्याचे पुस्तक आहे. जी साक्ष आमच्या कचेरीत ‘ऐकीव’ म्हणून बाजूस सारली जाई, तीच या छंदात पहिली आणि बहुधा शेवटची साक्ष असते. कानाने सांगावे आणि खिशाने निमूट मान्य करावे, हा इथला शिरस्ता. त्या साक्षीला खोटी न ठरवता तिची रुजवात कशी घालावी, हा या पुस्तिकेचा खरा विषय होय. आणि रुजवातीपुरता का होईना, माझा थोडा अधिकार आहे असे समजून मी लेखणी उचलली आहे.

शब्दांविषयी आरंभीच एक खुलासा करणे इष्ट. सरकारी हुकमांत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द मांडवातल्या कर्ण्यापासून वक्त्यापुढील माइकपर्यंत सर्वांना सरसकट लावलेला आढळतो, आणि ‘ध्वनिवर्धक’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांपुढे स्पीकर येतो तर दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे ॲम्प्लिफायर. म्हणून ग्रंथकारांनी बाजारातले शब्दच कायम ठेवले आहेत, आणि मीही तेच करतो. रेकॉर्डवरून निघणारा क्षीण विद्युत्संकेत बलवान करणारा तो ॲम्प्लिफायर; त्या बळाने कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू हलवून हवेत नाद उत्पन्न करणारा तो स्पीकर. १९२५ साली राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी चुंबकात लोंबकळणाऱ्या वेटोळ्याने शंकू हलवण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात आजतागायत तपशिलाचे पुष्कळ फेरफार झाले, पण मूळ सातबारा तोच आहे.

हे पुस्तक अंबरनाथमध्ये लिहिले जावे, यात मला एक औचित्य दिसते. शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाने ज्याचा काळ सांगितला आहे ते शिलाहारांचे शिवमंदिर ज्या गावाची खूण आहे, ते गाव गेल्या शतकात वाढले मात्र यंत्रांच्या थरथरीवर. आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, यंत्रांचे नमुने घडवणारा सरकारी कारखाना आला, आणि त्यांच्यामागून औद्योगिक वसाहत पसरली. ग्रंथकारांनी आपली नोकरी या वसाहतीत पॉवर प्रेस आणि लेथ यांचे पाये घालण्यात घालवली. शेजारच्या शॉपमध्ये प्रेस आदळत असताना आपल्या शॉपमधील सूक्ष्म घासकाम बिघडू नये, यासाठी काय करावे लागते, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. आणि जो माणूस चाळीस टनांच्या प्रेसला शेजारधर्म शिकवतो, त्याला सोळा किलोच्या स्पीकरला तो शिकवणे अवघड जात नाही. पलीकडचे उल्हासनगर, जे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी कॅम्पच्या बराकींत वसवले आणि ज्याला १९४९ साली हे नाव मिळाले, तेथे एका फेरीत लाकडी पेटी करून देणारा सुतार आणि जळलेले वेटोळे भरून देणारा कारागीर असे दोघेही सापडतात. छंदाला याहून सोयीचा मुलूख कोणता असणार?

आता माझ्या स्वतःच्या अज्ञानाचा पंचनामा सादर करतो, कारण या पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणाचा जन्म त्यातूनच झाला आहे. माझी बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची, दुसऱ्या मजल्यावर, लोहमार्गापासून फार लांब नव्हे. दोन चांगल्यांपैकी स्पीकर मी लाकडी शोकेसवर दोन टोकांना मांडले होते. ख्यालाची रेकॉर्ड लागली आणि डग्ग्याचा घुमार आला, की त्यामागून एक किरकिरणारी झांज वाजल्यासारखा नाद येई आणि सारा रसभंग होई. मुंबईच्या एका दुकानदाराने माझे गाऱ्हाणे ऐकून घेऊन, आपला पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर दमतो आहे, दोनशे वॉटचा घ्या, असा निवाडा दिला. आणि मुदत ठेव मोडण्याचा अर्जही मी भरून ठेवला. अर्ज बँकेत जाण्यापूर्वीच्या रविवारी ग्रंथकार चहाला आले. त्यांनी पिशवीतून एक मल्टिमीटर काढला आणि आमच्या सौभाग्यवतींकडे एक वाटी पाणी मागितले.

ती वाटी त्यांनी प्रथम जमिनीवर ठेवली, पाणी निश्चल. मग स्पीकरच्या माथ्यावर ठेवली. पाण्यावर बारीक शहारा उठला. मग दोन स्पीकरांच्या मधोमध शोकेसच्या फळीवर ठेवली, आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमारासरशी वाटीत एकात एक अशी वर्तुळे उमटू लागली, ती स्पीकरच्या माथ्यावरच्या शहाऱ्याहून ठळक. जो स्वतः वाजत होता त्याच्यापेक्षा ज्याच्या डोक्यावर तो बसला होता ते लाकूड जास्त हलत होते! त्यांनी शोकेसच्या सरकत्या काचेवर पंजा दाबून धरला, आणि ती किरकिर, जी मी दोन वर्षे ॲम्प्लिफायरच्या नावे लिहीत आलो होतो, जागच्या जागी थांबली. नंतर मीटरची टोके स्पीकरच्या मागच्या खुंट्यांना लावून, माझ्या ऐकण्याच्या नेहमीच्या आवाजावर त्यांनी आकडा वाचला : सुमारे पावणेतीन व्होल्ट. आठ ओहमच्या स्पीकरला एवढ्या दाबाने साधारण एक वॉट शक्ती मिळते. संगीतातील क्षणिक उसळ्या मीटरला दिसत नाहीत, म्हणून त्या दहापट, फार तर वीसपट धराव्यात, असे ते म्हणाले. तरीही हिशेब वीस वॉटांपुढे जात नव्हता. पन्नास वॉटचा माझा ॲम्प्लिफायर दमला तर नव्हताच. तो अर्ध्या पगारावर बसून होता.

या एका प्रसंगातून ग्रंथकारांनी जो नियम काढला, तोच पुस्तिकेचा कणा आहे : बदलाआधी पंचनामा. पुढील तीन प्रकरणे, ‘ताकद’, ‘पाया’ आणि ‘खोली’, ही त्याच नियमाची अंमलबजावणी होय.

‘ताकद’ या प्रकरणातील गणित वाचकाने घाईने ओलांडू नये. स्पीकरच्या कागदपत्रांत एक वॉटला, एक मीटर अंतरावर, इतके डेसिबल असा संवेदनशीलतेचा आकडा दिलेला असतो. समजा, तो ८६ आहे. शक्ती दुप्पट केली की त्यात ३ डेसिबलची भर पडते; म्हणजे पन्नास वॉटला १०३, शंभराला १०६, दोनशेला १०९. आणि आवाज कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट, लागतात. पन्नासाचे दोनशे करणारा गृहस्थ वॉटांत चौपट चढतो आणि कानाच्या हिशेबात दुपटीलाही पोहोचत नाही. संध्याकाळी विजेचा दाब दहा टक्क्यांनी उतरला की यंत्र ‘मरगळते’ अशी जी तक्रार केली जाते, तिचेही असेच आहे : साध्या बांधणीच्या ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती त्यामुळे एकोणीस टक्क्यांनी घटते खरी, पण डेसिबलात ती घट एकालाही पुरत नाही.

मग ॲम्प्लिफायर कधी बदलावा? ग्रंथकारांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. स्पीकर आठ ओहमचा म्हणून विकला गेला, तरी त्याचा विरोध स्वरागणिक बदलतो आणि काही स्वरांना तीन ओहमांपर्यंत उतरतो; त्या ठिकाणी तोच दाब टिकवायला दुपटीहून अधिक प्रवाह द्यावा लागतो, आणि ज्या यंत्राचे ट्रान्सफॉर्मर व कंडेन्सर काटकसरीने बसवलेले असतात, ते नेमके तिथेच गुडघे टेकते. स्पीकर मोठे आणि कमी संवेदनशीलतेचे असतील, दिवाणखाना प्रशस्त असेल, किंवा तारसप्तकातल्या पुकारीला आवाज फाटत असेल, तर बलवान यंत्र घेणे हा चोचला नव्हे, गरज आहे. एरवी मात्र शांततेत ऐकू येणारी घरघर ही बहुधा अर्थिंगच्या दोषाची असते, आणि ती नव्या यंत्रातही जशीच्या तशी नांदायला येते. तारांविषयीही त्यांचा हिशेब असाच रोखठोक : घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावर न्यावी, तर जाऊन-येऊन विरोध एका ओहमच्या चौदाव्या हिश्शाएवढा, त्याहून अधिक खर्च करायचा असेल तर तो दागिना म्हणून करावा.

या क्षेत्राचा इतिहासही याच बाजूने बोलतो. अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली ऋण प्रत्याभरणाची कल्पना सुचली, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून प्रवेशद्वारी आणायचा आणि त्याच्याकडूनच चुकांची वजाबाकी करून घ्यायची. तिचा आधार घेऊन विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जो ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला, त्याने घरी बसून जोडणी करणाऱ्या हौशी लोकांची एक पिढी घडवली. पुढे क्वाड या इंग्रजी कंपनीच्या जुन्या व्हॉल्व्हच्या आणि नव्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांची तुलना कोणते वाजते आहे हे न सांगता करण्यात आली आणि तिचा वृत्तांत १९७८ साली त्याच मासिकात आला. जाणत्या श्रोत्यांनाही ती यंत्रे खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. याचा अर्थ सर्व ॲम्प्लिफायर सारखे असा नव्हे. आपल्या कुवतीत चालणारे नीट बांधलेले यंत्र नाव सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि आमच्या कचेरीच्या भाषेत, साक्षीदाराला आरोपी आधी दाखवून मग ओळख परेड घेऊ नये, असा त्याचा धडा.

‘पाया’ हे प्रकरण ग्रंथकारांच्या घरचे. आणि त्यातले ज्ञान आपल्या घरांत फार पूर्वीपासून नांदत आले आहे, ही त्यांची जाणीव मला विशेष भावली. तबलजी तबला उघड्या फरशीवर ठेवत नाही, चुंबळीवर ठेवतो. पाट्याखाली गोणपाट घालावे, हे आमच्या आईला कोणी शिकवले नव्हते. मिक्सरखाली दुमडलेले फडके ठेवणारी गृहिणी कंपनशास्त्राचा पहिला सिद्धांत रोज सकाळी आचरते : हलणाऱ्या वस्तूला मऊ आसन दिले, तर तिची थरथर तिच्यापाशी राहते आणि ओट्यावरची भांडी बोलत नाहीत.

पण मऊ म्हणजे किती मऊ? इथे ग्रंथकार कारखान्यातला एक सोपा मापदंड देतात. वजन ठेवल्यावर रबर किंवा स्प्रिंग किती दबते ते मोजावे. एक मिलिमीटर दबले, तर त्या बैठकीची नैसर्गिक आंदोलनसंख्या सुमारे १६ हर्ट्झ. चार मिलिमीटर दबले तर ८. दहा दबले तर ५. या संख्येच्या साधारण दीडपटीच्या वर गेल्यावरच बैठक कंपन अडवू लागते. चौपटीच्या वर ती जेमतेम पंधरावा हिस्सा पलीकडे जाऊ देते. पण त्या संख्येच्या जवळपास तीच बैठक कंपन वाढवून देते. आपल्या गावी वसाहतीत मशीनखालचे कंपनरोधक ‘ए. व्ही.’ पॅड सहज मिळतात, म्हणून मी उत्साहाने चार आणून स्पीकरखाली सरकवले होते. ग्रंथकारांनी पट्टी लावून पाहिले : रबर केसभरही दबले नव्हते. कित्येक क्विंटलांच्या यंत्रासाठी ओतलेल्या त्या रबराला माझा सोळा किलोचा स्पीकर म्हणजे पाठीवर बसलेली माशी. त्याच्या दृष्टीने तो जवळपास दगडच होता. शेवटी सुमारे दहा किलोची कडप्प्याची लादी, तिच्याखाली त्या एकूण वजनाला चार मिलिमीटर दबतील असे मऊ रबराचे चार तुकडे, आणि हे सर्व शोकेसवर नव्हे तर स्वतंत्र लोखंडी स्टँडवर, अशी व्यवस्था झाली. दागिन्यासारख्या पेटीत मिळणाऱ्या विलायती बैठका वाईट नसतात. परंतु किती वजनाला किती दबतात हे ज्यांच्यावर लिहिलेले नाही, त्या घेणे म्हणजे चतुःसीमा न पाहता जमिनीचे खरेदीखत करणे होय.

स्पीकरला मऊ बैठकीवर ठेवले तर तो स्वतःच डुलेल आणि नाद पुसट होईल, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे निरसन न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने होते. हलणारा शंकू सोळा ग्रॅमचा आणि पेटी सोळा किलोची, म्हणजे गुणोत्तर एकास हजार. शंकू तीन मिलिमीटर पुढे गेला तर पेटी तीन सहस्रांश मिलिमीटर मागे येईल. एवढ्याने गाण्याचे काही बिघडत नाही. उलट स्पीकरखाली बसवायचे टोकदार खिळे, ज्यांना कंपन ‘निचरून जाण्याची’ वाट म्हणून विकले जाते, ते गालिच्यातून फरशी गाठून स्पीकरचे डगमगणे थांबवतात, एवढेच त्यांचे खरे काम. लाकडी माळ्यावर किंवा शोकेसवर ते थरथर अडवीत नाहीत, पोहोचती करतात.

मात्र तेच तीन सहस्रांश मिलिमीटर रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत मोठा अपराध ठरतात; कारण रेकॉर्डच्या खाचेत हळुवार आलापीची जी वळणे कोरलेली असतात, ती एका सहस्रांश मिलिमीटरच्या आसपासची किंवा त्याहूनही सूक्ष्म असतात. सुईला गायकाचा श्वास आणि जमिनीचा धक्का यांतला भेद कळत नाही. बोरघाटाकडे जाणारी जड मालगाडी मध्यरात्री अंबरनाथवरून बदलापूरकडे निघते, तेव्हा माझ्या खोलीत कानाला फारसे काही ऐकू येत नाही. पण रेकॉर्ड चालू असेल, तर स्पीकरचा शंकू आवाज न करता आत-बाहेर श्वास घेताना दिसतो. इथे बैठक हवी ती स्पीकरसाठी नव्हे, सुईसाठी. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ च्या सुमारास बाजारात आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये तबकडी आणि दांडी एकाच पट्टीवर घेऊन ती पट्टी मऊ स्प्रिंगांवर टांगली, ती याच हेतूने. ज्यांच्याकडे तसे यंत्र नाही, त्यांनी ते भक्कम भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवावे, म्हणजे निदान पावलांचे धक्के तरी चुकतात.

‘खोली’ या प्रकरणाकडे मी वाचकाला शिवमंदिराच्या वाटेने नेऊ इच्छितो. सभामंडपातून पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात जावे आणि मंद स्वरात ॐकार लावून तो हळूहळू चढवावा. एका विशिष्ट स्वराला सारा गाभारा आपल्यासोबत गाऊ लागतो, आणि पुढच्या स्वराला मौन धरतो. आपला दिवाणखानाही तेच करतो. बारा फुटांच्या लांबीला सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या रुंदीला सुमारे ५६ हर्ट्झ, असे खोलीचे स्वतःचे स्वर ठरलेले असतात. त्या स्वरांना भिंतीजवळ घुमार दुणावतो आणि मध्यभागी तो नाहीसा होतो, आणि त्याचे श्रेय किंवा दोष ॲम्प्लिफायरच्या पदरात पडतो. खुर्ची दोन फूट मागे-पुढे सरकवल्याने जो फरक पडतो, तो मी पाहिलेल्या कोणत्याही यंत्रबदलाने पडलेला नाही; आणि खुर्ची सरकवण्यास मुदत ठेव मोडावी लागत नाही.

दमट हवेविषयीची एक सूचना ग्रंथकारांनी परिशिष्टात टाकली आहे. तिचे स्थान पुढे हवे होते, असे मला वाटते. जुने विलायती स्पीकर हौसेने विकत घेणाऱ्याने शंकूच्या कडेचा फोम आधी बोटाने हलकेच दाबून पाहावा. उल्हास नदीच्या खोऱ्यातले चार महिन्यांचे पावसाळे काही वर्षे झेलल्यावर तो फोम शिळ्या अनारशासारखा चुरतो, आणि मग कितीही बलवान ॲम्प्लिफायर जोडला तरी तो फाटकेच बोलणार. रबरी कड पुष्कळ अधिक टिकते. आणि फोमची कड बदलून देणारे कारागीर अजून आहेत.

प्रस्तावनाकाराने एक तरी मतभेद नोंदवावा, ही जुनी वहिवाट मी मोडू इच्छित नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रांना ग्रंथकारांनी एका परिच्छेदात निकालात काढले आहे : ती तापतात, थोडे देतात, काचेवर टिचकी मारली तर स्पीकरमधून किणकिणतात. हे सर्व खरे. पण संध्याकाळी दिवा मालवल्यावर त्या काचेतली तांबूस ज्योत पाहत मंद्र षड्ज ऐकणाऱ्या माणसाला जो आनंद मिळतो, तो मीटरला दिसत नाही म्हणून खोटा ठरत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, जिथे तार आणि हाडाचा उतार यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सारून जवारी काढतात, तिथे तरी आपण दुसरे काय करतो? भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी १९२० च्या सुमारास तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास करून दाखवले, की जे स्वरांश साध्या घोडीवर उमटले नसते, ते तिच्या वक्र पृष्ठामुळे उमटतात. म्हणजे मिरजेचा कारागीर तारेच्या शुद्ध स्वरात हेतुपूर्वक भर घालतो, आणि आपण त्या भरीलाच माधुर्य म्हणतो. मात्र वाद्याने भर घालावी हे त्याचे काम, आणि यंत्राने भर घालावी ही मालकाची निवड. निवड करणाऱ्याने ती निवड म्हणून करावी, सुधारणा म्हणून तिची नोंद करू नये, इतकाच माझा ग्रंथकारांशी तडजोडीचा मसुदा आहे. त्यावर त्यांची सही अद्याप झालेली नाही.

माझा पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर जागच्या जागी आहे. मुदत ठेवीचा अर्ज त्याच्याखालच्या खणात पडून आहे; तो मी फाडला नाही, कारण पुढेमागे खरी गरज सिद्ध झाली तर तो लागेल, आणि दप्तरातला कागद फाडू नये ही सवय जाता जात नाही. वाटी मात्र परत करावी लागली, कारण ती सहाच्या जोडातली होती. वाचकाने ही पुस्तिका वाचायला बसताना आपल्या घरची एक वाटी पाण्याने भरून जवळ घ्यावी, स्पीकर चालू करावेत, आणि पहिले प्रकरण संपण्याच्या आत ती निदान तीन ठिकाणी ठेवून पाहावी. तोवर दुकानाची पायरी चढू नये.

अंबरनाथ